वाक्यात दडलेली माणसं : प्रकल्प नोंदी

१८ जून

पेरण्या चालू आहेत. सहावी-सातवी मिळून चौदा मुलं आली. धडा पुढं न्यावा तर उरलेल्यांचं बुडणार, म्हणून फळ्यावर नुसती एक ओळ लिहिली : "काल ताक प्यायलो." म्हटलं, ह्यात एक गाणारी बाई बसली आहे, शोधा.

बराच वेळ कुणाला काही दिसेना. एकानं विचारलं, "बाई, ताक प्यायल्यावर कोण गातंय?" मग खिडकीजवळची सहावीतली मुलगी फळ्यापाशी आली. एका तळव्यानं 'का' झाकलं, दुसऱ्यानं 'क' झाकलं, आणि मधे उरलं ते वाचून ओरडलीच, "लता हाय, बाई! लता!"

का-ल ता-क. एका शब्दाचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड. त्यानंतर "अरे, खाली बस" मधली रेखा त्यांना पाठोपाठ सापडली. जेवणाच्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेतसुद्धा एकमेकांच्या वाक्यात नावं शोधत होती.

ठरवलं. दर शनिवारी भित्तिपत्रकावर अशी वाक्यं लावायची, आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, एक मोठं पत्रक. ह्या वहीत नोंदी ठेवते.

२१ जून

नियम ठरवताना पहिली अडचण आली. माझ्या भाच्यानं इंग्रजीतली अशी पुष्कळ कोडी पाठवली. तिथं एकेक अक्षर सुटं असतं, त्यामुळे नाव कुठूनही सुरू होतं आणि कुठंही संपतं. आपलं अक्षर काना-मात्रा-वेलांटी अंगावर घेऊनच चालतं. 'सी' मधून 'स' काढून घेता येत नाही.

हे मला नीट कळलं ते रामदासांमुळे. समर्थांचं जांब आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं, त्यांचं नाव हवंच होतं. "राणीला आराम, दासीला काम" हे वाक्य सुचलं तेव्हा मी एकटीच हसले, इतका आनंद झाला. रा-म-दा... आणि पुढं 'सी'. गेलं. मुलांना फळ्यावर दाखवलं तर एकानं विचारलं, "वेलांटी पुसली तर?" पुसली तर दासीचा दास होतो आणि वाक्य मरतं.

नियम एवढेच : अक्षर पूर्ण घ्यायचं, नाव निदान दोन शब्दांत वाटलेलं असावं, आणि वाक्य असं असावं की ते कुणीतरी खरंच बोलेल. तिसरा नियम सगळ्यांत जड जाणार आहे.

स्वरांचं एक वेगळंच. 'एकनाथ' मधला 'ए' शब्दाच्या पोटात क्वचितच सापडतो, त्यामुळे नाव शब्दाच्या सुरुवातीपासूनच धरावं लागतं : "गावात एक नाथपंथी जोगी आला." फार सोपं झालं, पण पहिलीच्या मुलांना चालेल.

२८ जून

पहिलं पत्रक लागलं. त्यातलं मला आवडलेलं : "हे इनाम देवळाला निजामाच्या काळात मिळालं." इ-नाम-देव-ळाला. आमच्याकडे इनाम जमिनीच्या गोष्टी घरोघर चालतात, त्यामुळे वाक्य वाचून कुणी थबकत नाही, आणि त्यातच नामदेव महाराज बसलेले. नरसी इथून फार लांब नाही. खाली ओळख लिहिली : 'ह्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.' आमच्या मुलांनी नांदेडचा गुरुद्वारा पाहिलेला आहे, पण तिथल्या ग्रंथात आपल्या नरसीचा माणूस आहे हे बऱ्याच जणांना आज कळलं.

५ जुलै

काल मी प्रशिक्षणाला गंगाखेडला गेले होते. आज सकाळी सहकारी सरांनी एक चिठ्ठी हातात दिली. "तुम्ही नव्हता तेव्हा सापडलं," म्हणाले.

झालं असं. दुपारी एक आजी नातवाला न्यायला आली. तिनं विचारलं, "आज लवकर कसं सोडलं रं?" नातू दुसरीतला. त्यानं पाठीवरचं दप्तर सावरत सांगितलं, "आज ना बाई आल्याच नाहीत." सर दाराशीच उभे होते. ते म्हणतात, वाक्य कानावर पडलं आणि पुढच्या क्षणी लख्ख झालं : आ-ज ना बाई. जनाबाई!

चिठ्ठी वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. तीन रात्री मी जनाबाईसाठी कागद खराब केले होते. 'भोजना', 'पूजना', 'सज्जना' असे शब्द घेऊन बसले होते. 'सज्जना'त तर 'ज्ज' जोडाक्षर, म्हणजे आशाच नको. आणि ज्या दिवशी मी जनाबाईच्या गावात, तिच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर प्रशिक्षणाच्या हजेरीवर सही करत होते, त्याच दिवशी इकडे सात वर्षांच्या पोरानं माझ्याच गैरहजेरीतून तिला बाहेर काढलं.

आजपासून मी वाक्यं रचायची कमी करणार आणि ऐकायची जास्त. मुलांनाही तेच सांगितलं. घरी, पारावर, किराणा दुकानात जे ऐकाल ते वहीत जसंच्या तसं लिहून आणा.

१३ जुलै

रविवार. अण्णांची आठवण येत होती. ते संस्कृत शिकवायचे. लहानपणी वीज गेली की ओसरीवर बसवून एक श्लोक घालायचे : "कं संजघान कृष्णः?" कृष्णानं कुणाला मारलं? आम्ही विचार करत राहायचो आणि ते म्हणायचे, अगं, उत्तर मी दिलेलंच आहे. कंसं जघान कृष्णः. तीच अक्षरं, फक्त जागा सोडायची ती एक अक्षर पुढं. "का शीतलवाहिनी गंगा?" काशीतलवाहिनी गंगा, काशीच्या भूमीवरून वाहणारी. आणि मला सगळ्यांत आवडायचं ते शेवटचं, थंडी कुठल्या बलवानाला बाधत नाही, कं बलवंतं? तर कंबलवंतं, घोंगडी असलेल्याला. ह्याला ते अंतर्लापिका म्हणायचे, उत्तर प्रश्नाच्याच पोटात.

म्हणजे आम्ही शाळेत करतो आहोत ते काही नवं नाही. शब्दांमधली जागा ही कागदावरची सोय आहे, तोंडात ती नसते. अण्णा श्लोक म्हणून दाखवायचे, लिहून कधीच नाही. लिहिला असता तर कोडंच उरलं नसतं.

१९ जुलै

तुकाराम. "निरोप धाडला होता, परंतु का रामभाऊ आले नाहीत?" परं-तु का राम-भाऊ. अक्षरं चोख बसतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहितात, 'हेतू', 'वस्तू', 'ऋतू'. त्यामुळे 'तु' वर संपणारा शब्द मिळेना. 'परंतु' सुटला कारण ते तत्सम अव्यय आहे, त्याचा उकार ऱ्हस्वच राहतो. इतकी वर्षं हा नियम मी घोकून घेतला. आज पहिल्यांदा मुलांनी आपणहून विचारलं की बाई, आणखी कुठल्या शब्दांना ही सूट आहे? 'तथापि', 'आणि', 'नि' अशी यादी त्यांनीच फळ्यावर केली.

पण वाक्य मुलांना पटलं नाही. "असं कोणच बोलत नाही, बाई." खरंच आहे. आमच्याकडे कुणी 'परंतु' म्हणत नाही, आणि 'का' त्या जागी घालत नाही. बाजूला ठेवलं.

२७ जुलै

भाचा नांदेडला संगणकाचं शिकतो. त्यानं हौसेनं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला : वाक्यांमधल्या जागा काढून टाकायच्या आणि नावांच्या यादीतलं काही सापडतं का पाहायचं. मुलांच्या वह्यांतली वाक्यं मी दोन संध्याकाळी बसून टाइप केली.

पहिल्याच फेरीत त्यानं दाखवलं काय, तर "राणीला आराम, दासीला काम" मध्ये रामदास! भाचा म्हणाला, मावशी, आहे की. मी म्हटलं, नाही. आम्ही दोघं फोनवर अर्धा तास ह्यावर भांडलो. मग त्यानंच उलगडून सांगितलं. संगणक 'सी' हे एक अक्षर म्हणून ठेवत नाही. 'स' वेगळा आणि वेलांटी वेगळी, अशा दोन खुणा ओळीनं ठेवतो. म्हणून त्याला दासीत दास दिसतो. तसंच "पत्र माझ्या हातात पडलं" मध्ये त्यानं रमा शोधली, कारण 'त्र' त्याच्या लेखी त, पाय मोडल्याची खूण आणि र. माणूस 'त्र' मधला र कधी सुटा वाचेल का?

आता दोन अटी घातल्या. नावाच्या लगेच पुढं मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ह्यांपैकी काही असेल तर नाव बाद, आणि लगेच मागं पाय मोडलेला असेल तरी बाद. यादी निम्म्याहून कमी झाली, पण जे उरलं ते खरं.

त्यात एक रत्न निघालं. सातवीतल्या मुलाच्या निबंधात सरळ लिहिलेलं होतं : "तसं भाजीभाकरीवर भागतं आमचं." त-सं भाजी. संभाजी. त्या मुलाला माहीतही नव्हतं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा तो आपलंच वाक्य दुसऱ्याचं असल्यासारखं ऐकत होता.

९ ऑगस्ट

आज मन खट्टू आहे, तरी लिहिते.

तपासणीला आलेल्या साहेबांनी भित्तिपत्रक पाहिलं. कौतुक केलं, आणि मग बोट ठेवलं ते ह्या वाक्यावर : "आमच्या गावाला एक बी रस्ता धड नाही." म्हणाले, शाळेच्या भिंतीवर 'बी'? 'एकही' करा.

'एकही' केलं की कबीर जातात. ए-क बी र-स्ता. हे वाक्य सहावीतल्या मुलीच्या आजीचं आहे. बाजारातून चिखल तुडवत आल्यावर तिनं उंबऱ्यावर पाय धुताना म्हटलेलं. प्रमाण मराठीत कबीराला बसायला जागाच नाही, ती आमच्या 'बी' नं दिली. साहेबांना मी हे सांगितलं. ते ऐकून घेऊन निघाले, पण शेरा लिहून गेले.

माझी शुद्धलेखनाशी काही तक्रार नाही, मी तेच शिकवते. पण त्या आजीच्या तोंडचं वाक्य दुरुस्त केलं तर ते तिचं राहत नाही आणि आपल्याही काही कामाचं राहत नाही.

११ ऑगस्ट

रात्री सुचलं, आज वर्गात मांडलं. प्रत्येक वाक्याला तोंड द्यायचं. म्हणजे वाक्याच्या आधी लिहायचं की हे कोण बोललं.

आजी म्हणते : आमच्या गावाला एक बी रस्ता धड नाही.
बातमीत आलं : पहिलवानाने हरूनही प्रेक्षकांची मनं जिंकली.

दुसऱ्यात नेहरू आहेत : ने-हरू. तिथं बोलीतला 'पहिलवानानं' घातला की अनुस्वार आडवा येतो आणि नाव जातं. उलट संभाजी 'तसं' मध्ये आहे, 'तसे' मध्ये नाही. पुस्तकी 'ने' शिवाय नेहरू नाहीत, बोलीतल्या 'सं' शिवाय संभाजी नाही. मुलांना दोन्ही मराठी समोरासमोर ठेवून असं शिकवायची संधी मला आजवर मिळाली नव्हती.

तुकाराम महाराजही परत आले. 'परंतु का रामभाऊ आले नाहीत' हे आता आजोबांच्या जुन्या पत्रातलं वाक्य आहे. पत्रात माणसं तसंच लिहायची. मुलांनी लगेच मान्य केलं.

१९ ऑगस्ट

एक मुलगा दोन आठवडे 'आंबेडकर' च्या मागं आहे. त्यानं काल आणलं : "आंबे ड, करवंदं ढ." फळांना अक्षरं दिलीत म्हणे. अक्षरं बसतात, पण हे वाक्य कुणाच्या तोंडी घालायचं? तो स्वतःच म्हणाला, "कुणाच्याच न्हाई."

मग 'भीम' धरलं. "लोभी मन कधी भरत नाही" मध्ये भीम आहे. दुसऱ्या एका मुलीनं आणलं होतं, पण हा गप्प झाला. विचारलं तर म्हणाला, "बाबासाहेबांचं नाव लोभी शब्दात नको, बाई." त्याचं बरोबर होतं. मी आधी हा विचार करायला हवा होता. नियम वाढला : ज्याचं नाव, त्याला कमीपणा येईल अशा शब्दात ते ठेवायचं नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर तो परत धावत आला. फाट्यावर एसटीसाठी पळणाऱ्या धाकट्या भावाला त्याचा काका म्हणाला होता : "एसटी उभी, मग पळायलास कामून?" उ-भी, म-ग. खाली ओळख त्यानंच लिहिली : '१९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू करणारे.' ओळख नीट हवीच, नाहीतर कुणी महाभारतातला भीम सांगेल.

२४ ऑगस्ट

ह्या आठवड्यात पीक चांगलं आलं. मुकादम म्हणतो, "आता राबा, ईदला सुट्टी आहेच" (ताराबाई). ट्रॅक्टरवाला म्हणतो, "एवढा ऊस या जीपमध्ये कसा मावायचा?" (सयाजी). मावशी म्हणते, "माळावरची हवा मनसोक्त खाल्ली" (वामनदादा कर्डक). पारावर ऐकलेलं, "चोर सुटला न् साव तावडीत सापडला", त्यात सावता माळी.

मला स्वतःला सगळ्यांत भावलं ते शेजारच्या शेतकऱ्याचं : "पैठणपासून खाली शेतीचं सगळं चक्र धरणावर फिरतं." चक्र-धर. चक्रधर स्वामी गोदाकाठीच वावरले, पैठणशी त्यांचं नातं जुनं. त्यांच्या पंथानं पुढं आपले ग्रंथ सकळ लिपीत, परक्याला वाचता येऊ नयेत असे जपले. त्यांचं नाव जायकवाडीच्या पाण्याच्या गोष्टीत असं उघड्यावर बसलेलं पाहून मी तो कागद बराच वेळ हातात धरून होते.

३१ ऑगस्ट

मोठ्या पत्रकाच्या मधोमध चार भावंडं ठेवायची आहेत. आपेगाव आपल्याच गोदेच्या काठचं.

सोपान लगेच मिळाला, लग्नघरातलं वाक्य : "असो, पान घ्या." ज्ञानदेव कीर्तनकारबुवांकडून : "ज्ञान देवळात बसून मिळत नाही." निवृत्तीला वेळ लागला. ऱ्हस्व 'नि' मुलांच्या यादीत होताच, आणि परवा एका शोकसभेत मी ऐकलं : "माणूस साधा नि वृत्तीनं शांत." नि-वृत्ती. त्या प्रसंगी वही काढणं बरं दिसलं नसतं, घरी येईपर्यंत ते वाक्य मनात म्हणत आले.

मुक्ताई अडली आहे. 'क्ता' नं सुरू होणारा शब्द नाही. म्हणजे 'मुक्ता' वर संपणारा शब्द आणि पुढं 'ई' हवा. पुढचं सोपं, ईद आहे, ईश्वर आहे. पण 'मुक्ता' वर संपणारं कुणी काही बोलत नाही. "हे कर्जमुक्ता, ईश्वराला स्मर" असं एक रचलं आणि खोडलं.

७ सप्टेंबर

अजून नाही. प्रोग्रामलाही काही सापडलं नाही. तिघं भाऊ कागदावर आणि बहिणीची जागा मोकळी. मुलांनी तिथं पेन्सिलनं चौकोन आखून ठेवला आहे.

१३ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांची तयारी चालली होती. १९४८, पोलीस कारवाई, स्वामी रामानंद तीर्थ, सगळं पाठ करून घेतलं. शेवटी म्हटलं, आता प्रत्येकानं एक वाक्य स्वतःचं बोला. खिडकीजवळची तीच मुलगी, जिनं जूनमध्ये तळव्यांनी फळा झाकला होता, उभी राहिली आणि म्हणाली :

"सतरा सप्टेंबरला आम्ही सगळे मुक्त, आई मात्र रानात."

वर्ग शांत होता. ती खाली बसली आणि बसता बसताच तिला ऐकू आलं असावं, कारण ती पुन्हा ताडकन उभी राहिली. "बाई! मुक्त, आई!"

लगेच वाद सुरू झाला. सरांचं म्हणणं, 'त' आणि 'आ' ही दोन अक्षरं, नावात 'ता' एक आहे. रामदासांना वेलांटीसाठी बाहेर ठेवलं मग इथं सूट का? प्रश्न रास्त होता. मी रात्रभर त्यावर होते. रामदासांच्या वाक्यात डोळ्यानं नाव दिसतं, पण म्हणून पाहिलं की दासीच ऐकू येते. इथं उलट आहे. "मुक्त, आई" न थांबता म्हणा, त चा अ आणि पुढचा आ एकमेकांत मिसळतात, ऐकणाऱ्याला मुक्ताईच ऐकू येते. हा दीर्घसंधी आहे, सातवीला आम्ही तोच शिकवतो. अण्णा श्लोक म्हणूनच दाखवायचे.

सकाळी सरांना हे सांगितलं. त्यांनी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि चौकोनात स्केचपेननं वाक्य लिहून टाकलं. खाली बारीक अक्षरांत टीप दिली : 'हे वाक्य मोठ्यानं वाचा.'

१७ सप्टेंबर

झेंडावंदन झालं, पत्रक लागलं. एकूण बावीस नावं. गावातली मोठी माणसंही बोटानं अक्षरं मोजत उभी होती.

सात-साडेसातला त्या मुलीची आई आली, डोक्यावर डालगं, हातात खुरपं, मूग तोडायला निघालेली. लेकीनं तिला हाताला धरून पत्रकापाशी नेलं आणि चौकोनातलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. एकदा सावकाश, एकदा भरभर. आईनं पदरानं कपाळ पुसलं, चौकोनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काय सांगू बाई, पहिल्यावाणी न्हाई ऱ्हायलं. आता ना जीव दमतो लई."

लेक जागच्या जागी उडालीच. "तानाजी! बाई, आईनं तानाजी सांगितला!"

आ-ता ना जी-व. वहीच्या नव्या पानावर लिहून घेतलं. वाक्याच्या आधी : आई म्हणते.